वर्दीच्या वहीतून पाहिलेलं आमचं अग्निशमन दल

आमच्या वस्तीच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात नवीन माणूस आला की त्याच्या हातात आधी पाईप देत नाहीत, वही देतात. वर्दीची वही, वर्दी म्हणजे मदतीला बोलावणारा निरोप. प्रत्येक वर्दी किती वाजता आली, कुणी दिली, किती माणसं जमली, निघाले कधी, पोहोचले कधी, पहिलं पाणी कधी पडलं, आग आटोक्यात कधी आली, एवढंच त्यात असतं, कुठे एका ओळीत तर कुठे दोन पानं भरून. मी सामील झाले तेव्हा दलातल्या सगळ्यात जुन्या सभासदांनी, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, ती वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “नुसत्या वेळा बघत जा गं, बाकीचं आपोआप कळेल.” आणि खरंच कळलं. त्यामुळे दल कसं वाढलं हे सांगायचं तर मी ते त्या वेळांवरूनच सांगणार, कारण आमची सगळी वाढ म्हणजे एकेक मिनिट कमी करत जाण्याची धडपड आहे, गाडी आणि शेड हे सगळं त्याच्या मागून आलं.

अगदी सुरुवातीच्या पानांवर ‘निघाले’ हा रकानाच नाही, कारण निघायला गाडीच नव्हती. एक मोठं गोदाम रात्रीतून जळालं, मोठ्या शहरातला बंब येईपर्यंत छप्पर खाली आलं होतं, त्यात त्यांचा काही दोष नाही, अंतरच तेवढं होतं. त्यानंतरच्या बैठकीत काही जणांनी बादल्या, शिड्या, पत्रे ओढायचे आकडे आणि एक हातपंप असं जमवलं आणि ठरवलं की बंब येईपर्यंत आपण आग रोखून धरायची. विझवायची असंही म्हटलं नव्हतं कुणी, रोखून धरायची. हे मला फार आवडतं, कारण आपल्या आवाक्यात काय आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून नीट माहीत होतं.

नंतर मी यावर जरा वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की सगळीकडे सुरुवात अशीच झाली आहे. १७३६ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी आग विझवायची मंडळी स्थापन केली तेव्हा प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि पिशव्या तयार ठेवायच्या असा करारच होता, पिशव्या कशाला तर पेटलेल्या घरातलं सामान भरून बाहेर काढायला. एडिनबरोत १८२४ मध्ये जेम्स ब्रेडवूड नावाच्या २४ वर्षांच्या माणसाकडे शहराच्या दलाची जबाबदारी आली, त्याने माणसं घेतली ती कौलं घालणारी, सुतार, गवंडी अशी, कारण घर कसं बांधलेलं असतं, कुठली भिंत कधी पडेल, छपरावर पाय कुठे ठेवायचा हे त्यांना आधीच माहीत होतं. आमच्या पहिल्या यादीत प्लंबर आहे, वेल्डर आहे, वायरमन आहे, दोन ड्रायव्हर आहेत. ब्रेडवूडचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं, पण गरज तीच होती म्हणून माणसंही तीच निघाली. आज मी कुणालाही सांगते की दल सुरू करायचं असेल तर आधी वायरमन शोधा, कारण विजेची लाईन बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय पाणी मारताच येत नाही आणि ती खात्री देणारा माणूस सोबत असला की तिथली निम्मी धाकधूक जाते.

मग पंप आला. छोटा, दोघा-चौघांनी उचलून न्यायचा, पेट्रोलवर चालणारा पंप. वहीत इथून पुढे ‘पहिलं पाणी’ हा रकाना सुरू होतो आणि इथूनच खरं शिक्षणही सुरू होतं. बऱ्याच लोकांना वाटतं पंप पाणी ओढतो. ओढत नाही. तो पाईपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो, त्यामुळे समुद्रसपाटीला अगदी आदर्श परिस्थितीतसुद्धा साधारण १० मीटरच्या वर पाणी चढूच शकत नाही आणि प्रत्यक्षात ७ मीटरच्या आसपास हिशोब संपतो. म्हणजे विहीर कितीही भरलेली असो, पाणी त्याहून खोल असेल तर काठावर पंप कितीही गरगरवा, नोझलमधून थेंब येणार नाही. वहीत अशी एक नोंद आहे की माणसं वेळेत जमली, वेळेत पोहोचली, आणि ‘पहिलं पाणी’च्या रकान्यात बराच उशिराचा आकडा, शेजारी कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात एकच शब्द: ‘वॉशर’. सक्शन पाईपच्या, म्हणजे पंपाकडे पाणी आणणाऱ्या पाईपच्या जोडातला रबरी वॉशर झिजला होता, तिथून हवा आत शिरत होती, पंप जोरात चालत होता आणि पाणी काही येत नव्हतं. त्या दिवसापासून आजपर्यंत दर आठवड्याच्या ड्रिलला पहिलं काम म्हणजे सगळे वॉशर बोटाने चाचपून बघायचे, सक्शनच्या तोंडाची जाळी साफ आहे का बघायची, पंप प्राईम करून, म्हणजे आतली हवा काढून बघायचा आणि व्हॅक्युमचा काटा सोडून दिल्यावर जागेवर राहतो का ते बघायचं. मला हे काम अजूनही मनापासून आवडतं. आग नसताना केलेलं असं काम कुणाला दिसत नाही पण ‘पहिलं पाणी’चा आकडा सगळ्यात जास्त त्यानेच खाली आलाय.

पाईपाची ड्रिलही अशीच. ६३ मिलीमीटरचा पाईप, ३० मीटर लांब, गुंडाळी करून ठेवलेला. एक टोक पायाखाली दाबायचं, गुंडाळी समोर फेकायची, ती उलगडत जाते, मग धावत जाऊन कपलिंग (पाईप जोडायचा सांधा) लावायचं, खटकन आवाज आला पाहिजे, आणि आवाज आला तरी एकदा उलटं ओढून बघायचंच. रिकामा असतो तोपर्यंत तो पाईप पट्ट्यासारखा सपाट आणि हलका वाटतो. पाणी सोडलं की त्या एका लांबीत ९० लिटरच्या वर पाणी भरतं, म्हणजे ९० किलोच्या वर वजन, आणि मग तो तुम्ही ओढाल तसा येत नाही, म्हणून पाणी मागायच्या आधीच त्याची वळणं नीट घालून घ्यायची, कोपऱ्यावर पीळ पडू द्यायचा नाही. नोझलवर सुरुवातीला नेहमी दोघं. मागचा माणूस पुढच्याच्या पाठीला खांदा लावून उभा राहतो कारण धार सुटली की नोझल मागे ढकलते. मी बरेच दिवस मागेच होते आणि मागे राहून जे शिकले ते पुढे राहून शिकले नसते, पुढच्याचा श्वास वाढला, पाय सरकला, तो थकला, हे पाठीवरून कळतं.

आणि हो, वापरलेला पाईप धुवून, उंचावर टांगून वाळवणं हाही ड्रिलचाच भाग आहे, कंटाळवाणा वाटतो, पण ओला पाईप तसाच गुंडाळला तर कापड कुजतं आणि पुढच्या वेळी नेमक्या वेळेला फुटतं. आमच्या शेडला जो उंच लोखंडी मनोरा आहे तो बघून लोक विचारतात वर काय आहे. काही नाही, पाईप वाळतात तिथे.

गाडी आली तो दिवस वहीत लाल शाईने लिहिलाय. एका मोठ्या दलाने वापरून झालेली, ४५०० लिटरच्या टाकीची. इंजिन जुनं, पंप मात्र चांगला. सगळी वस्ती बघायला आली होती म्हणतात, मी तेव्हा नव्हते. पण त्याच आठवड्याच्या ड्रिलची नोंद मी अनेकदा वाचली आहे, त्यात काकांनी सगळ्यांना बसवून हिशोब करायला लावला: मिनिटाला ४५० लिटर सोडलं तर टाकी किती वेळ पुरेल? १० मिनिटं. दोन नोझल लावल्या तर ५. आणि त्यानंतर काय? या प्रश्नावर दलाची पुढची कितीतरी वर्षं गेली, आणि मला विचाराल तर आमचं दल खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते इथे, गाडी आल्यावर नाही, गाडी रिकामी होते हे मान्य केल्यावर.

त्यांनी पाण्याचा नकाशा केला. वस्तीतलं प्रत्येक तळं, विहीर, टाकी, ओढ्यावरचा डोह, प्रत्येकाजवळ गाडी किती जवळ जाऊ शकते, चाकं रुततील का, पाण्याची पातळी पावसाळ्यात किती आणि उन्हाळ्यात किती, ७ मीटरच्या आत राहते का. खोल विहिरींचा उपयोग नाही असं दिसल्यावर मालकांशी बोलून तिथल्या विजेच्या पंपांनी काठावरच्या टाक्या कायम भरलेल्या ठेवायचं ठरलं, कायम भरलेल्या अशासाठी की आग लागल्यावर त्या भागातली वीजच बंद असू शकते. तळ्याच्या काठावर मुरूम टाकून गाडी उभी राहील एवढी जागा पक्की केली. पाण्याचे टँकरवाले जोडून घेतले, घडीची मोठी टाकी घेतली, ती आगीजवळ जमिनीवर उघडायची, टँकर त्यात पाणी ओततो आणि परत भरायला निघून जातो, बंब त्या टाकीतून उचलत राहतो, म्हणजे टँकर रिकामा व्हायची वाट बघत कुणी थांबत नाही. कागदावर सोपं वाटतं हे. पहिल्यांदा मी या ड्रिलला रस्त्यावर टँकर वळवायला उभी होते तेव्हा समजलं की सगळा खेळ वळायच्या जागेचा आहे, एक टँकर आडवा अडकला की मागची साखळी थांबली आणि १० मिनिटांचा हिशोब लगेच आठवतो. म्हणून आता नकाशावर वळायच्या जागाही आहेत.

वर्दी पोहोचण्याचं मात्र पटकन सुधारलं. आधी कुणीतरी धावत जाऊन घंटा वाजवायचं, मग भोंगा आला, मग एकाने दोघांना फोन करायचा अशी साखळी, आता मोबाईलवर ग्रुपला मेसेज जातो आणि ज्याला जमणार तो लगेच ‘येतोय’ लिहितो, त्यामुळे गाडी किती माणसांसाठी थांबवायची हे कळतं. भोंगा अजून ठेवलाय, नेटवर्क जाऊ शकतं.

माझ्यासाठी सगळ्यात अवघड टप्पा श्वसन-संचाचा, आम्ही बीए सेट म्हणतो. दल पुष्कळ वर्षं बाहेरूनच आग विझवायचं, कारण धुरात शिरायचं साधनच नव्हतं. ओला रुमाल बांधून आत जाणारे लोक असतात, त्यांना मी हात जोडून सांगते, कार्बन मोनॉक्साईड रुमालाने अडत नाही, त्याला रंग नाही, वास नाही, माणूस ‘थोडं गरगरतंय’ म्हणेपर्यंत त्याचे पाय गेलेले असतात. पाठीवर ३०० बारचा (बार हे दाबाचं माप) हवेचा सिलेंडर, तोंडावर मास्क, मास्कच्या कडेला केसाची एक बटही अडकता कामा नये. ट्रेनिंगला एका रिकाम्या इमारतीच्या खिडक्या काळ्या कागदाने झाकल्या होत्या, आत फर्निचर उलटंपालटं टाकलेलं. गुडघ्यावर जायचं, एक हात कायम भिंतीला, दुसऱ्या हाताच्या पालथ्या बाजूने समोर चाचपत. पालथ्या बाजूने का, तर विजेची उघडी तार लागलीच तर मूठ आवळली जाऊन ती धरली जाऊ नये. आत गेल्यावर स्वतःच्या श्वासाचा आवाज इतका मोठा येतो की बाकी काही ऐकूच येत नाही. साध्या कामाला अर्धा तास पुरेल असं वाटणारी हवा घाबरल्यावर कितीतरी लवकर संपते, आणि हवा कमी झाली की शिट्टी वाजायला लागते, ती वाजायच्या आधीच आपण बाहेर असलो पाहिजे. दारात एक जण बोर्ड घेऊन उभा असतो, कोण किती वाजता किती हवा घेऊन आत गेलं ते लिहितो, आणि तो सांगेल तेव्हा बाहेर यायचं, त्यात वाद नाही. मी पहिल्यांदा खऱ्या धुरात गेले तेव्हा मला धीर आला तो त्या बोर्डामुळे. कुणीतरी माझे बार मोजत होतं.

तिथेच हेही शिकवलं की आत पाणी कसं मारायचं. पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान साधारण १७०० पट होतं, ती प्रचंड उष्णता शोषते पण बंद खोलीत आपल्याच अंगावर येऊ शकते, त्यामुळे बारीक फवारा, थोडा थोडा, आणि धूर बाहेर जायला वाट ठेवून. दार उघडायच्या आधी हाताने धग बघायची, कारण उघडलं की हवा आत जाते आणि धुमसणारी खोली पेट घेते.

वेळांबद्दल मला सगळ्यात जास्त हलवून सोडणारी गोष्ट अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेच्या प्रयोगातली आहे. त्यांनी दोन खोल्या पेटवल्या, एक जुन्या धाटणीची, लाकूड आणि सुती कापडाचं सामान असलेली, दुसरी आजची, फोमचा सोफा, सिंथेटिक पडदे. जुनी खोली पूर्ण पेटायला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. आजची चार मिनिटांच्या आत. पूर्ण पेटणं म्हणजे छताजवळचा धूर ५००-६०० अंशांपर्यंत जाऊन खोलीतली प्रत्येक वस्तू जवळजवळ एकदम पेट घेते तो क्षण, त्यानंतर आत कुणी जिवंत राहत नाही. चार मिनिटांत जगातलं कुठलंच दल माझ्या घरी पोहोचणार नाही हो. कितीही गाड्या घ्या. हे कळल्यावर आमच्या दलाने वहीत नसलेल्या मिनिटांकडे बघायला सुरुवात केली, म्हणजे वर्दी यायच्या आधीची मिनिटं. घरोघरी जाऊन धुराचा अलार्म बसवायचा, झोपताना दारं लावून घ्यायला सांगायचं (बंद दार धूर आणि धग खूप वेळ अडवतं), बाहेर पडायच्या दोन वाटा ठरवून मुलांना घेऊन चालून बघायच्या, तेलाच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचं. सुरुवातीला दलातल्याच काही जणांना हे आपलं काम वाटत नव्हतं. मला तर आज हेच सगळ्यात मोठं काम वाटतं.

याच फेऱ्यांमध्ये आम्ही गोदामं, वर्कशॉप, दुकानांच्या मागच्या खोल्या पण बघतो आणि आत काय साठवलंय ते लिहून ठेवतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली, त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही होती, स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, भारतात १४ एप्रिल त्यांच्याच स्मरणार्थ पाळतात. आमच्या शेडमध्ये त्या दिवशी भाषण होत नाही, त्या दिवशी साठ्याची यादी अपडेट करतो. कुठल्या शटरमागे केमिकलचे ड्रम आहेत, कुठे सिलेंडर आहेत, कोणाचा फोन नंबर लावायचा, सगळं.

खर्चाचं थोडक्यात सांगते कारण सगळे विचारतात. वस्तू घेण्यासाठी लोक मदत करतात, गाडी, पंप, हेल्मेट, यावर नाव घालता येतं. सांभाळण्यासाठी पैसे मिळवणं फार जड जातं. सिलेंडरची ठराविक मुदतीने दाब-तपासणी, बॅटरी, टायर, गाडी कमी चालते म्हणून टायर झिजत नाहीत तरी जुने होऊन तडकतात. आम्ही आता कुणी काही देऊ म्हणालं की त्याच वेळी विचारतो, याची पाच वर्षांची देखभाल कोण बघणार, आणि उत्तर नसेल तर नम्रपणे नको म्हणतो. काही जणांना राग येतो. येऊ दे.

आता वहीत आगी कमी आणि बाकीचं जास्त आहे, अपघातात अडकलेली माणसं, पडलेली झाडं, पूर, गॅसगळती. त्यासाठी कटर आला, दोर आले, प्रथमोपचाराचं वेगळं ट्रेनिंग आलं. बायकाही बऱ्यापैकी आहेत दलात, कॉलेजची मुलं ड्रिलला येतात, त्यांना वय पूर्ण होईपर्यंत वर्दीवर नेत नाही पण पाईप, दोर, वही सगळं शिकवतो.

सध्या आमच्यापुढे मोठा प्रश्न दिवसाचा आहे. रात्री हाक दिली की गाडी भरते, पण दुपारी निम्मी माणसं कामासाठी लांब गेलेली असतात आणि ‘जमले’ ते ‘निघाले’ यातली मिनिटं पुन्हा वाढायला लागली आहेत. जर्मनी, ऑस्ट्रियात बहुतेक सगळं अग्निशमन स्वयंसेवकांवर चालतं, तिथेही हीच अडचण आहे. आम्ही वस्तीतच काम करणाऱ्यांची वेगळी यादी करतोय, दुकानदार, शाळेचे कर्मचारी, घरून काम करणारे, आणि ज्यांना आगीजवळ जायचं नाही त्यांना फक्त गाडी चालवणं, पंप चालवणं, दारातला बोर्ड सांभाळणं एवढंच शिकवतोय, कारण या तीन जागा भरल्या तर तेवढीच ट्रेनिंग झालेली माणसं पुढे जायला मोकळी होतात. शेजारच्या वस्तीच्या दलाशीही बोलणं झालंय की दिवसा मोठी वर्दी आली तर दोन्हीकडच्या गाड्या एकदमच निघतील, कमी पडलं तर बोलावू असं म्हणत थांबायचं नाही. काकांनी वहीत यासाठी नवीन रकाना आखलाय, ‘दिवसा किती जण’. पुढच्या ड्रिलला पंपावर दोन शिक्षिका आणि एक सायकल दुरुस्तीवाले दादा येणार आहेत, त्यांना सक्शनचे वॉशर दाखवायचं काम माझ्याकडे आहे.